सिनेमाला कंठ फुटला, त्या वर्षाची गोष्ट



आज सिनेमाची गोष्ट सांगणार आहे. पण सुरुवात आमच्या वर्गापासून करते, कारण ती गोष्ट मला तिथेच आठवली. तुमच्यातल्या नव्या वाचकांसाठी सांगते, मी चौथीला शिकवते. माझ्या वर्गातली निम्मी मुलं कफ परेडच्या मच्छीमार नगरातली आहेत. सकाळी आईला म्हावऱ्याची पाटी उचलून देऊन मग शाळेत येणारी. वर्गात समुद्रावरचा धडा आला, की मी खाली बसते आणि तीच शिकवतात!

तर परवा शेवटचा तास मोकळा होता. मी चिठ्ठ्या केल्या आणि मूकाभिनयाचा खेळ लावला. एकाला चिठ्ठी आली 'बस चुकलेला माणूस', एकीला 'जाळं शिवणारी आजी'. आणि एका मुलाला आली 'सिनेमातला हिरो'. त्याचं नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. पण काय केलं म्हणून सांगू! घोड्यावर टांग टाकली, तलवार उपसली, चौघांना लोळवलं, पाचव्याचा वार दंडावर झेलला आणि कळवळत बाकावर कोसळला. तोंडातून चकार शब्द नाही. मुलं हसून हसून बेजार. शेजारच्या वर्गाच्या बाई डोकावून गेल्या.

मी म्हटलं, "वा! आता हेच संवाद म्हणून कर."

आणि तो मुलगा जागच्या जागी विझला. तोंड उघडलं, मिटलं, मान खाली घालून जागेवर जाऊन बसला.

मला कारण माहीत होतं. दोन महिन्यांपूर्वी वाचनाच्या तासाला तो उठून म्हणाला होता, "बाई, मना पानी पायजे." मी म्हटलं, "मना नाही, मला. पानी नाही, पाणी." त्याने पुन्हा 'मना' म्हटलं, मी पुन्हा दुरुस्त केलं. तिसऱ्या वेळी वर्ग हसला. खरं सांगायचं तर मीही हसले. तेव्हापासून तो मुलगा वर्गात मानेनेच हो-नाही करतो. आणि मी काय केलं असेल? त्याच्या नोंदवहीत लिहून ठेवलं, 'स्वभावाने लाजाळू'!

त्या संध्याकाळी बसस्टॉपवर उभी असताना मला मास्टर विठ्ठल आठवले. तुम्ही म्हणाल, हे कोण? तीच तर गोष्ट आहे.

वर्ष १९३१. त्याच्या आधीचे सगळे भारतीय चित्रपट मुके होते, बरं का! दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरात लागला, तोही मुकाच. पडद्यावर माणसं ओठ हलवायची, मग मध्येच अक्षरांची पाटी यायची. एकाच पाटीवर दोन-दोन, तीन-तीन भाषा. ज्याला वाचता येई तो शेजाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवी. पडद्यासमोर पेटीवाला आणि तबलजी बसलेले असत. मारामारी आली की तबला जोरात, रडारड आली की पेटी हळू. म्हणजे चित्रपट मुका होता, पण थिएटर काही गप्प नव्हतं!

या मुक्या चित्रपटांचा एक मोठा फायदा होता. त्यांना भाषाच नव्हती. मुंबईत काढलेला चित्रपट पेशावरात चाले तसा मद्रासेतही चाले. पाटी बदलली की झालं. नट कुठला, घरी काय बोलतो, 'मला' म्हणतो की 'मना', कुणी विचारत नसे. उडी मारता आली पाहिजे, घोडा फेकता आला पाहिजे, डोळ्यांतून राग दाखवता आला पाहिजे.

आणि या सगळ्यात अव्वल कोण? मास्टर विठ्ठल! लहानपणी राजापूरकर नाटक मंडळीत रंगभूमीवर वावरलेला हा मुलगा कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत गेला. तिथे आधी फिल्मच्या पट्ट्या कापायच्या आणि जोडायच्या कामावर होता. पुढे मुंबईत शारदा फिल्म कंपनीत नायक झाला आणि बघता बघता मुक्या चित्रपटांचा बादशहा बनला. तलवारबाजी आणि उड्या यांमुळे लोक त्याला 'भारताचा डग्लस फेअरबँक्स' म्हणत. हा फेअरबँक्स म्हणजे त्या काळी अमेरिकेत असल्याच साहसी कामांनी गाजलेला नट.

आता अर्देशीर इराणी नावाच्या गृहस्थांकडे येऊ. हे इंपीरियल फिल्म कंपनीचे मालक. त्यांनी 'शो बोट' हा अर्धा बोलका अमेरिकन चित्रपट पाहिला आणि ठरवलं, आपणही बोलणारा चित्रपट काढायचा. जोसेफ डेव्हिड यांचं पारशी रंगभूमीवरचं एक नाटक घेतलं. राजा, दोन राण्या, राजपुत्र आणि भटक्या टोळीत वाढलेली मुलगी अशी गोष्ट. नाव 'आलम आरा'. नायिका जुबेदा. सेनापतीच्या कामाला पृथ्वीराज कपूर. करीना आणि रणबीर यांचे हे पणजोबा! आणि नायक म्हणून त्यांना हवे होते मास्टर विठ्ठल.

पण विठ्ठल यांचा जुन्या कंपनीशी करार होता. ते तो सोडून इराणींकडे आले, तेव्हा कंपनीने त्यांना कोर्टात खेचलं. विठ्ठल यांचे वकील कोण होते ठाऊक आहे? बॅरिस्टर महंमद अली जीना! हो, तेच, इतिहासाच्या पुस्तकातले. विठ्ठल खटला जिंकले आणि 'आलम आरा'चे नायक झाले.

स्टुडिओ होता ग्रँट रोडजवळ, केनेडी ब्रिजपाशी. तुम्ही चर्चगेटहून लोकलने गेलात, तर चर्नी रोड सोडल्यावर ग्रँट रोडच्या आधी डोक्यावरून जे पूल जातात, त्यांतला एक केनेडी ब्रिज. म्हणजे स्टुडिओ अगदी रुळांना खेटून! मुका चित्रपट काढताना गाडी गेली तर कुणाचं काय बिघडत होतं? पण आता मायक्रोफोन आला होता, आणि त्याला राजपुत्र आणि आगगाडी यांतला फरक कळत नव्हता. राजवाड्यात राणी रडते आहे आणि मागून धडधड धडधड! मग काय करणार? दिवसाची कामं रात्री. शेवटची गाडी गेल्यावर, साधारण एक ते चार या वेळात चित्रण व्हायचं.

(कफ परेडच्या दोस्तांसाठी जाता जाता. तुमच्या शेजारी रेल्वे अधिकाऱ्यांची बधवार पार्क वसाहत आहे ना, तिथे पूर्वी कुलाबा स्टेशन होतं. गाड्या तिथवर यायच्या. १९३०चा डिसेंबर संपला आणि ते स्टेशन कायमचं बंद झालं. म्हणजे 'आलम आरा' लागला तेव्हा तुमच्याकडचा गाडीचा आवाज बंद होऊन जेमतेम अडीच महिने झाले होते. इराणींचा स्टुडिओ जर तुमच्या इथे असता तर!)

आवाज घेण्याचं यंत्र 'टॅनार' जातीचं होतं. त्यात चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर, एकाच वेळी उमटत. तुम्ही मोबाईलवर व्हिडिओ काढता तेव्हा दोन्ही एकदमच येतं ना, तसंच. फरक एवढाच की तुम्ही चुकलात तर पुसून पुन्हा काढता. तिथे एखादा शिंकला, की तेवढी सगळी फिल्म फुकट. आवाजानंतर वेगळा भरण्याची सोय नव्हती. माइक दिसू नये म्हणून लपवून ठेवायचा. गाण्याच्या वेळी नट स्वतःच गाणार आणि वादक पडद्याआड, आडोशाला बसून वाजवणार. सात गाणी अशी झाली. डब्ल्यू. एम. खान यांनी फकिराच्या वेषात गायलेलं गाणं हे आपल्या चित्रपटसृष्टीतलं पहिलं गाणं. आवाज घ्यायला विल्फर्ड डेमिंग नावाचे अमेरिकन तज्ज्ञ आले होते. त्यांची मजुरी दिवसाला शंभर रुपये. इराणींना ती परवडेना. मग ते आणि त्यांचे सहकारी रुस्तम भरुचा थोडंफार शिकून घेऊन स्वतःच यंत्रापाशी बसले! मला हे इराणी यासाठी फार आवडतात.

१४ मार्च १९३१, शनिवार. गिरगावातलं मॅजेस्टिक थिएटर. सकाळपासून रस्त्यावर ही गर्दी. पोलीस बोलवावे लागले. चार आण्यांचं तिकीट चार-पाच रुपयांना विकलं गेलं असं इराणी पुढे सांगत. रुपयाचे आणे सोळा, तेव्हा किती पट झाले ते तुम्हीच काढा. हिशेब वहीत करा, तोंडी नको! चित्रपट आठ आठवडे हाऊसफुल्ल चालला. लोक गोष्टीसाठी येत नव्हते. पडद्यावरची माणसं खरोखर बोलतात, हे आपल्या कानांनी ऐकायला येत होते.

ते थिएटर आता नाही. त्या जागी मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर आहे. पण एक खूण तुमच्या घरात असू शकेल. आई-बाबांच्या कपाटातल्या पुस्तकांवर 'मॅजेस्टिक' असं नाव शोधा. केशवराव कोठावळे यांचं पुस्तकांचं दुकान या थिएटरपाशीच होतं, त्यावरून ते नाव आलं.

पण मी कुठे होते? हां, मास्टर विठ्ठल. पडद्यावरची माणसं बोलत होती, त्यात आपले विठ्ठल काय बोलले असतील?

जवळजवळ काहीच नाही.

चित्रपटाची भाषा होती हिंदुस्थानी, म्हणजे हिंदी-उर्दू मिश्र. इराणींना ती देशभरात जास्तीत जास्त लोकांना कळेल असं वाटलं, आणि ते खरंही होतं. विठ्ठल मराठी माणूस. उर्दूचे उच्चार त्यांच्या जिभेवर बसेनात. मग गोष्टीतच बदल केला. नायक बराच वेळ गुंगीत, अर्धवट शुद्धीत आहे असं दाखवलं, म्हणजे संवादच नकोत! भारतातला पहिला बोलपट, आणि त्याचा नायक मुका. ज्याच्यासाठी कोर्टात भांडले, त्यालाच गप्प बसवावं लागलं. त्यानंतर विठ्ठल यांनी कामं केली, पण बादशाही गेली ती गेलीच.

एकटे तेच नव्हते. मुक्या चित्रपटांची सगळ्यांत मोठी तारका होती सुलोचना. आपल्या मराठी सुलोचनादीदी नव्हेत हं, आजी-आजोबा तुमचा गोंधळ करतील! या सुलोचनाबाईंचं खरं नाव रूबी मायर्स. बगदादी ज्यू कुटुंबातल्या, आधी टेलिफोन ऑपरेटर होत्या. मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा त्यांना पगार जास्त आहे असं लोक म्हणायचे. त्या तर इंपीरियल कंपनीतच होत्या, पण हिंदुस्थानी नीट बोलता येत नव्हती. 'आलम आरा'ची नायिका झाली जुबेदा. सुलोचनाबाईंनी काय केलं? वर्षभर काम बाजूला ठेवलं आणि चक्क भाषा शिकायला बसल्या. १९३२ साली 'माधुरी' या बोलपटातून परत आल्या. पुढे १९७३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला.

खुद्द फाळक्यांचं काय झालं? त्यांचा 'सेतुबंधन' मुका म्हणून तयार झाला आणि १९३२ साली आला तेव्हा दुनिया बोलू लागली होती. मग त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. त्यांनी एकच खरा बोलपट काढला, 'गंगावतरण', १९३७ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी. आणि ते पेटीवाले, तबलजी? त्यांची नावंही कुठे लिहिलेली नाहीत. तीन-चार वर्षांत मुके चित्रपट बंद पडले. थिएटरातली पडद्यासमोरची त्यांची जागा रिकामी झाली.

बरं, ज्यांच्या गळ्यात गाणं होतं त्यांचं मात्र नशीब उघडलं. १९३२ साली प्रभातने कोल्हापुरात पहिला मराठी बोलपट काढला, 'अयोध्येचा राजा'. दिग्दर्शक व्ही. शांताराम. राजा झाले गोविंदराव टेंबे, म्हणजे नावाजलेले पेटीवादक आणि संगीतकार! तारामती झाल्या गिरगावच्या कांदेवाडीत वाढलेल्या दुर्गाबाई खोटे. आणि हा चित्रपट मराठी आणि हिंदी असा दोन्ही भाषांत चित्रित केला. दोनदा!

आता 'आलम आरा' बघू या, असं तुम्ही म्हणाल. तो बघता येणार नाही. एकही प्रत उरलेली नाही. पुण्याला १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. पी. के. नायर यांनी आयुष्यभर देशातले जुने चित्रपट धुंडाळून तिथे आणले. ते इराणींच्या घरीही गेले होते. त्यांना कळलं, की रिळं चांदी काढण्यासाठी विकली गेली. जुन्या फिल्मवर चांदीचा थर असायचा. तो धुऊन काढला की चांदीचे पैसे मिळत. राजवाडा, जुबेदा, फकिराचं गाणं, सगळं धुऊन गेलं! काही ठिकाणी तुम्ही वाचाल, की 'आलम आरा' पुण्याच्या २००३ सालच्या आगीत जळाला. तसं नाही. तो संग्रहालयात कधी आलाच नव्हता, असं नायर यांनीच सांगितलं आहे. उरली आहेत ती काही छायाचित्रं आणि जाहिराती. शिवाय २०२२ साली बातमी आली होती, की ज्या यंत्रावर त्याच्या प्रती छापल्या, ते शिकागोचं यंत्र मुंबईतल्या एका साड्या आणि पोशाख भाड्याने देणाऱ्या दुकानात सापडलं.

(आई-बाबांनो, माळ्यावर लग्नाची व्हिडिओ कॅसेट असेल, आजोबांच्या आवाजाची टेप असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला देऊ नका. आधी एकदा कुणाकडून तरी उतरवून घ्या.)

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं. विठ्ठल यांना गुंगीत झोपवून ठेवलं हे सांगितलं, तेव्हा मुलं हसली. मी हसले नाही. मी त्यांना सांगितलं, की दोन महिन्यांपूर्वी मीही वर्गात एकाला असंच गप्प बसवलं. नाव घेतलं नाही, पण सगळ्यांना कळलं. वर्ग चिडीचूप झाला.

मग मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, मंग त्याला त्याचे भाषेन का नाय बोलू दिला?"

दोन महिन्यांत पहिलं वाक्य! मी दुरुस्त केलं नाही. उत्तर देणं भाग होतं, आणि गंमत म्हणजे उत्तर होतं. त्याच वर्षी, १९३१च्या ऑक्टोबरमध्ये, याच इराणींच्या कंपनीचा 'कालिदास' मद्रासेत लागला. 'आलम आरा'च्याच सेटवर काढलेला. त्यात नायिका टी. पी. राजलक्ष्मी तमिळ बोलते, नायक तेलुगू बोलतो आणि आणखी कुणी हिंदी! नायकाला तमिळ नीट येत नव्हतं, म्हणून त्याला तेलुगूतच बोलू दिलं. आणि लोकांनी तो चित्रपट गर्दी करून पाहिला. म्हणजे मार्चमध्ये जे सुचलं नाही ते ऑक्टोबरात जमलं. विठ्ठल यांच्या बाबतीत उशीर झाला इतकंच. पुढे मराठी चित्रपटांत ते दिसले, प्रभातच्या १९४४च्या 'रामशास्त्री'तही होते. तोवर नायक दुसरेच होते.

आता आम्ही वर्गात या गोष्टीचं छोटं नाटक बसवतो आहोत. रात्रीचे दोन वाजलेत, स्टुडिओत चित्रण चाललंय, असा प्रवेश. विठ्ठल यांचं काम कुणाला दिलं हे सांगायला नकोच. त्याने एक अट घातली, आमच्या नाटकातला विठ्ठल बोलणार, आणि कोळी बोलीत बोलणार. मी म्हटलं, "अरे, ते कोल्हापूरच्या कंपनीत वाढलेले." तर म्हणाला, "मंग काय झाला?" संवाद त्याच्या आजीने लिहून घ्यायला लावले आहेत. मला त्यातले तीन शब्द कळले नाहीत, ते मी विचारून वहीत लिहून ठेवले.

तुम्हीही घरी करून पाहा. टीव्हीवर एखादा प्रसंग आवाज बंद करून बघा आणि घरातल्या प्रत्येकाने एकेका पात्राचे संवाद आपल्या गावच्या बोलीत म्हणायचे. कुणाचं मालवणी, कुणाचं वऱ्हाडी, कुणाचं अहिराणी. काय मजा येते ते मला पत्राने कळवा.

आमची अडचण वेगळीच झाली आहे. माइक व्हायला कुणी तयार नाही, कारण त्याला नाटकभर लपून बसायचं आहे. आणि मध्येच धडधडत येणारी आगगाडी व्हायला अकरा जण रांगेत उभे आहेत!